चौथ्या भागातले बाबा

इटलीतल्या कासालब्रूना गावच्या लोकगृहात दिर्चे शिरली की पत्त्यांच्या टेबलावरून वाल्मेर ओरडलाच म्हणून समजा. "दिर्चे, दार लाव गं! तुमच्या घरात सवय नाही ते ठाऊक आहे मला, पण गार वारा येतो." टेबल हसायचं. दिर्चेही हसायची. आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात, हे ती शाळेत असतानाच शिकली होती.

थट्टा जुनी होती, दिर्चेपेक्षाही जुनी. शंभर वर्षांपूर्वी, एकोणीसशे बावीस साली, मुसोलिनीचे काळे सदरेवाले ट्रकमध्ये बसून गावात आले आणि त्यांनी मजुरांचं सहकारी भांडार जाळलं. पीठ, तेल, कापड, वाचनालयाची पुस्तकं, सगळं गेलं. त्या रात्री भांडारावर पहारा होता दिर्चेच्या बाबांचा, ओलिंदोचा. वय एकोणीस. किल्ली त्याच्याकडे. दार फोडलं की उघडलं, हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि दार स्वतः तर जळून गेलं होतं. पण गावाला पुरावा लागतो कुठे? दुसऱ्या दिवशीपासून ओलिंदोचं घर ते 'किल्लीवाल्यांचं घर' झालं. मुसोलिनी गेला, युद्ध संपलं, भांडाराच्या जागी लोकगृह उभं राहिलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

दिर्चेने ते अठ्ठ्याहत्तर वर्षं सहन केलं होतं. पण त्या वर्षी, शंभरीच्या निमित्ताने, लोकगृहाच्या भिंतीवर फलक लावायचं ठरलं आणि वाल्मेरने अध्यक्ष या नात्याने मजकूर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: 'पहारेकऱ्याने दार आतून उघडून दिले.'

दिर्चे उठून उभी राहिली. "ही ओळ काढ."

"का? खोटं आहे?"

"खोटं आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी." हे काही तितकंसं खरं नव्हतं.

वाल्मेरने चष्मा कपाळावर सरकवला. तो दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. दिर्चेचा नवरा आजारी असताना सहा महिने रोज आपल्या गाडीतून त्याला इस्पितळात नेणारा हाच वाल्मेर. फक्त त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि इतिहास आपल्याच घरात जन्मला अशी त्याची समजूत होती. "हे बघ दिर्चे," तो म्हणाला, "थट्टा वेगळी, फलक वेगळा. पुरावा आण, मी स्वतःच्या हाताने ओळ खोडतो. सोमवारी मजकूर छापायला जाणार. तोवर आण."

थट्टा हवेत विरते, दगडावरची अक्षरं विरत नाहीत. आपण गेल्यावर नातवंडं त्या भिंतीखाली उभी राहून ती ओळ वाचणार, या विचाराने दिर्चेला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तिला आठवलं की पुरावा आहे. पुरावा चित्रित केलेला आहे.

त्र्याहत्तर साली रोमहून चारपाच माणसं कॅमेरा घेऊन आली होती. फॅसिस्ट कसे वर आले, यावर ते दूरदर्शनसाठी मोठा माहितीपट करत होते, भागाभागांत. गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं करत फिरत होते. ते बाबांशीही बोलले, घरातच, स्वयंपाकघरात. आईला त्यांनी बाहेर पाठवलं, आणि दिर्चे त्या वेळी गिरणीत होती. ती परत आली तेव्हा बाबा खुर्चीत बसून सफरचंद सोलत होते. काय सांगितलंत, असं तिने विचारलं. "जे सांगायचं ते सांगितलं," ते म्हणाले. वर्षभराने तो भाग लागायचा होता त्या संध्याकाळी घरातला टीव्ही नेमका बिघडला, आणि बाकी गाव दुसऱ्या वाहिनीवर फुटबॉलचा सामना बघत होतं. पुढच्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीही नोंद घरात नव्हती.

म्हणून आता दिर्चेला त्या माहितीपटात दोन गोष्टी हव्या होत्या. एक, बाबांच्या तोंडून 'मी उघडलं नाही' हे शब्द. आणि दुसरी, जी तिने कुणाला सांगितली नाही, ते नुसतं तोंड उघडून बोलताना पुन्हा ऐकू यावेत, एवढंच.

ती फेदोराकडे गेली. फेदोरा तिची गिरणीपासूनची मैत्रीण. सव्वीस वर्षं दोघींचे माग शेजारी शेजारी होते. आता तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नसे, म्हणून मुलाने तिच्या घरच्या टीव्हीवर जगातले सगळे चित्रपट दाखवणारी सगळी दुकानं चालू करून ठेवली होती. फेदोरा दिवसभर तुर्की मालिका बघायची आणि प्रत्येक नायिकेला शिव्या घालायची.

"माहितीपट?" ती म्हणाली. "तोही मुसोलिनीचा? दिर्चे, आपल्याला तो एकदा कमी पडला का?"

"बाबा आहेत त्यात."

फेदोराने रिमोट उचलला.

पहिल्या दुकानात माहितीपट सापडला नाही, पण 'हे पाहणाऱ्यांनी हेही पाहिले' म्हणून शार्क माशांवरचे सहा माहितीपट सापडले. दुसऱ्या दुकानात हिटलर भरपूर होता, मुसोलिनी थोडा होता आणि कासालब्रूना अजिबात नव्हतं. तिसऱ्यात नाव दिसलं आणि दिर्चेने फेदोराचा दंड घट्ट धरला. मालिका तीच होती. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग. चौथा नव्हता. बाबा चौथ्यात होते.

"असं कसं? चार भागांतला एक भाग कुणी विसरतं का?"

"विसरतात," फेदोरा म्हणाली. "माझ्या लग्नाच्या चित्रफितीत नवराच नाहीये."

कुठली फिल्म कुठे बघता येते, हे सांगणारं एक संकेतस्थळ असतं हे फेदोराला माहीत होतं. तिथे शोधल्यावर कळलं की चौथा भाग डेन्मार्कमध्ये उपलब्ध आहे. ब्राझीलमध्येही आहे. इटलीखाली लिहिलं होतं: आपल्या देशात उपलब्ध नाही. दिर्चेच्या मस्तकात तिडीक गेली. "आग लावली आमच्या गावात, आणि बघायचं डेन्मार्कने?"

"त्यांच्याकडे काही घडत नाही गं. बघू दे बिचाऱ्यांना."

शुक्रवारपर्यंत दोघींनी सगळं करून पाहिलं. रोमला दूरदर्शनच्या कचेरीत फोन लावला तर यंत्र बोललं, आणि यंत्राने त्यांना दुसऱ्या यंत्राकडे पाठवलं. फेदोराच्या मुलाने दुसरा देश असल्याचं सोंग करणारं काहीतरी चढवून दिलं, त्यावर भाग सुरू झाला, पण डॅनिश निवेदकाचं तोंड दिसताच अडकला तो अडकलाच. शनिवारी सकाळी दिर्चे हताश होऊन वाचनालयात गेली. तिथे ती दर आठवड्याला जायची. खुनाच्या गोष्टी वाचायचा तिला नाद होता, आणि त्या दिवशीही तिच्या पिशवीत परत करायचं पुस्तक होतं. शिक्का मारताना वाचनालयातल्या तेआ नावाच्या बाईंनी विचारलं, "आज चेहरा का असा उतरलाय, दिर्चेकाकू?"

दिर्चेने सांगितलं.

"अहो, मग इतके दिवस कुठे होतात? तो आपल्याकडे आहे की. सगळे भाग. आपल्या वाचनालयाच्या कार्डावर घरबसल्या फुकट दिसतो." तेआने तिचं कार्ड उलटं करून मागचा क्रमांक दाखवला. "हा टाकायचा. झालं."

ते कार्ड अकरा वर्षं तिच्या पाकिटात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याहून वेगळं काय म्हणणार! दिर्चेने वाचनालयात सगळ्यांसमोर तेआच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पुस्तक परत करायचं विसरूनच गेली.

दुपारी फेदोराच्या घरी पडदे ओढून दोघी बसल्या. भाग सुरू झाला. झेंडे, ट्रक, टोप्या घातलेली गर्दी. काळे सदरे कसे आधी शेतमजुरांच्या संघांवर चालून आले, मग नगरपालिकांवर, आणि राजाने शेवटी त्यांना दरवाजा दाखवायचं सोडून कसं आत बोलावलं, हे निवेदक गंभीरपणे सांगत होता. मग पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. मेणकापडाचं टेबल. आणि बाबा.

दिर्चेच्या तोंडून हुंदका फुटला. तिला वाटलं होतं ते म्हातारे दिसतील. पडद्यावरचा माणूस तिच्यापेक्षा लहान होता. त्याने ओठ ओले केले, समोर पाहिलं आणि म्हणाला, "म्या..."

एवढंच. त्यावर लगेच दुसरा आवाज चढला. रोमच्या कुणा नटाचा भारदस्त, घोटीव आवाज. आमच्याकडे पडद्यावर दुसऱ्याच्या तोंडात आवाज घालायची रीत आहे. अमेरिकन काउबॉयही आमच्याकडे शुद्ध इटालियनच बोलतो, तिथे शेतमजुराच्या बोलीची काय पत्रास? नट म्हणाला: "त्यांनी कुऱ्हाडींनी दार फोडले. आम्ही हतबल होतो. आम्हाला काहीही करता आले नाही." आणि असंच पुढे बरंच काही.

"ऐकलंस?" फेदोरा ओरडली. "दार फोडले! दिर्चे, ऐकलंस का? वाल्मेरच्या तोंडावर मार हे!"

 दिर्चे बाबांच्या ओठांकडे बघत होती.

गिरणीत शंभर माग एकदम चालतात तेव्हा माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तिथे बायका ओठांनी बोलतात. लग्न, बाळंतपण, पगार, मुकादमाची लफडी, सगळं ओठांवरून. दिर्चे आणि फेदोरा सव्वीस वर्षं एकमेकींशी तशाच बोलल्या होत्या. ओलिंदोला मिशी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मिशी नव्हती, आणि कॅमेरा अगदी जवळ होता.

नट 'हतबल' म्हणत होता आणि बाबांचे ओठ म्हणत होते: म्या उघडलं.

दिर्चेने डोळे मिटून घेतले. फेदोराने घाईघाईने रिमोट दाबला. म्हणजे तिनेही वाचलं होतं. दोघी पडद्यावर थांबलेल्या चेहऱ्याऐवजी एकमेकींच्या चपलांकडे बघत बसल्या.

"नटाचा आवाज मात्र छान होता," शेवटी फेदोरा म्हणाली.

"फेदोरा."

"मी काही पाहिलं नाही. माझा चष्मा जुना आहे." मग तिने दिर्चेचा हात हातात घेतला. "अगं ऐक माझं. गिरणीतल्या आता आपण दोघीच उरलोय. तिसऱ्या कुणाला ओठ वाचता येत नाहीत. उद्या लोकगृहातल्या जेवणानंतर लाव, वाल्मेरला ओळ खोडू दे आणि सूप पिऊन घरी जा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दिर्चेने होकारार्थी मान हलवली.  घरी जाताना तिला बाबांचा राग आला, इतका की रस्त्यात ती थांबली. उघडायचंच होतं तर घरी सांगायचं. म्हणजे ती शाळेत पोरांचे केस उपटायला गेली नसती.

रविवारी लोकगृहात महिन्याचं सामुदायिक जेवण होतं. सकाळपासून बायकांनी सारण भरलेले कणकेचे काप्पेल्लेत्ती वळले होते, कोंबडीच्या रश्श्याची वाफ खिडक्यांवर साचली होती, आणि लांबरुस्को वाइनच्या बाटल्या टेबलांवर रिकाम्या होत होत्या. फेदोराला दोन पुरुषांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. जेवणं होता होता दिर्चेने कार्डाचा क्रमांक टाकून दिला आणि पांढऱ्या भिंतीवर भाग सुरू झाला.

या वेळी तिने वर पाहिलंच नाही. ताटलीतला शेवटचा काप्पेल्लेत्तो ती चमच्याने इकडून तिकडे ढकलत राहिली. वर नटाचा आवाज घुमला. "त्यांनी कुऱ्हाडींनी दार फोडले." खोलीत कुणीतरी 'अरेच्चा' म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी चारपाच.

वाल्मेर उठला. त्याने तपकिरी पाकिटातून फलकाचा मजकूर काढला, पेन काढलं आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने ती ओळ खोडली. "दिर्चे," तो म्हणाला, "सत्तर वर्षं मी तुझी टिंगल केली. माझं चुकलं. तुझ्या वडिलांची मी माफी मागतो." त्याने पेला उंचावला. "ओलिंदोच्या नावाने!"

सगळ्यांनी पेले उचलले. दिर्चेला हेच हवं होतं. शाळेच्या मैदानावर, चर्चच्या पायरीवर, लग्नात, नवऱ्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा तिने मनातल्या मनात हाच प्रसंग रचला होता. समोर फेदोरा ओठांनी म्हणत होती: पी, वेडे, पी.

तिने पेला उचलला आणि तिला भिंतीवर बाबा दिसले. भाग कुणीतरी नेमका तिथेच थांबवला होता. तोंड अर्धवट उघडं. त्या माणसाने वाट बघत पन्नास वर्षं काढली, एकदाचं खरं बोलला, आणि रोमच्या कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आता दुसरा हात ठेवायचा तो लेकीने? तिने पेला खाली ठेवला.

"आवाज बंद करून पुन्हा लावा," ती म्हणाली.

"कशाला?" वाल्मेरने विचारलं.

"तो आवाज त्यांचा नाही. ते काय बोलतायत ते मी सांगते. गिरणीतली आहे मी. खोटं वाटलं तर फेदोराला विचार, तीही वाचते."

फेदोराने कपाळाला हात लावला.

 भिंतीवर ओलिंदोने ओठ ओले केले. दिर्चे त्याच्या तोंडाकडे बघत, त्याच्याच बोलीत, एक वाक्य मागे राहून बोलू लागली. बोलता बोलता तिचा आवाज जड झाला, बाबांसारखा.

"म्या उघडलं. किल्ली माझ्याकडं व्हती. कुऱ्हाड त्यांच्या हातात व्हती, पर दारावर घातली न्हाई त्यांनी. नुसतं म्हनले, उघड. मला भ्या वाटलं. म्या उघडलं."

कुणीतरी खुर्ची सरकवली. दिर्चेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला सवड नव्हती, कारण बाबा अजून बोलत होते. काल तिने इथेच डोळे मिटले होते. पुढचं ती खोलीतल्या सगळ्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकत होती.

"ते तर आठच जन व्हते. आमी गावात चारशे. म्या दारात हुबं ऱ्हाऊन चौकाकडं बघितलं. म्हनलं, कुनीतरी येईल. एक जन जरी आला असता तर म्या किल्ली फेकली असती. समद्या खिडक्यांच्या मागं मानसं व्हती, पडदे हालत व्हते. कुनी आलं न्हाई. मग म्या उघडलं. सकाळी तेच लोक आले आन् मला म्हनले, तू उघडलंस. खरं हाय. म्या काय सांगनार? म्या त्यांची नावं कुनाला सांगितली न्हाईत. अजून बी सांगनार न्हाई."

भिंतीवर ओलिंदोने तोंड मिटलं, आणि चित्र बदलून ट्रक आले. कुणीतरी ते बंद केलं.

"लिही," दिर्चे वाल्मेरला म्हणाली. "उघडलं म्हणून लिही. मला चालेल."

वाल्मेर पेन हातात धरून उभा होता. त्याने कागद टेबलावर पसरला, खोडलेल्या ओळीवर पेन टेकवलं, आणि लिहिलं काहीच नाही. चौकाकडच्या भिंतीला पाठ करून तो खुर्चीवर बसला.

"आजोबा त्या रात्री बोलोन्याला गेले होते, असं मी सगळ्यांना सांगत आलो," तो म्हणाला. तो दिर्चेशी बोलत होता, पण खोलीत ऐकू न जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ते घरीच होते गं. आजीने मरताना सांगितलं मला. समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. पडदा त्यांनीच धरला होता."